बरं हाय म्हन

त्या रविवारी सोपानचं नाव फोनवर आलं तेव्हा मी लोणावळ्यातल्या तुंगार्लीत एका बंगल्याच्या फाटकाशी शिडीवर चढलेलो होतो. नावाची पाटी बसवायची होती. मालक खाली उभा राहून जरा इकडं, जरा तिकडं करत होता आणि रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या खोळंबल्यामुळे हॉर्नचा नुसता कालवा चाललेला. सोपानचा फोन रविवारीच यायचा आणि नेमका असल्याच वेळी यायचा. मी फोन खांद्यात दाबून धरला आणि पलीकडून कोणी तोंड उघडायच्या आत म्हणालो, "बरं आहे रे बाबा, सगळं बरं आहे. ठेव आता." पलीकडे सोपान नव्हता. त्याची बायको होती, सुमन वहिनी. ती म्हणाली, "भावजी, ह्ये गेले." मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. मालक "अहो, पाटी वाकडी राहिलीय" म्हणत होता, तेवढं आठवतं. ती अजून वाकडीच आहे. मी परत गेलोच नाही.

सोपान माझ्या गावचा, माझ्या वर्गातला. गाव आंदर मावळात, पार आत, जिथं एसटी आली तर आली, नाहीतर पाय आहेतच. त्या दिवशी सकाळी तो राब भाजायला गेला होता. भाताचं रोप टाकायचं त्या वाफ्यावर आमच्याकडे आधी शेण आणि पाला पसरून जाळतात, तो राब. शेजारच्या वावरातल्या माणसाला सोपान बांधावर बसलेला दिसला. त्याला वाटलं, दमलाय. मग बराच वेळ झाला तरी उठेना. गाडी मिळवून तळेगावपर्यंत नेईस्तोवर सगळं संपलं होतं. पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्यानं. छातीत जळजळतंय म्हणून आधीचे काही आठवडे हा माणूस सोडा पीत होता, हे मला सरणाजवळ कळलं. आधी कळणार कसं? दर रविवारी तो माझी चौकशी करायचा, मी बरं आहे म्हणून फोन ठेवायचो, आणि त्याचं काय, हे विचारायला त्यानं कधी फटच ठेवली नाही. मला त्याचा भयंकर राग आला. लोक रडत होते आणि मी दातओठ खात लाकडं रचत होतो. सोपानचे वडील, आबा, ऐंशीच्या घरातले, बाजूला एका दगडावर बसले होते. मी जवळ गेलो तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बैलबाजारात न्याहाळतात तसं. म्हणाले, "तुजं बरं हाय ना?" पोराचं सरण समोर आणि हा माणूस माझी विचारपूस करतोय...  मी नुसती मान हलवली.

आता आमच्या दोन घरांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. सोपानच्या घराकडे भैरोबाचा कौल लावायचा मान. देव म्हणजे एक काळा दगड, त्याला दोन खांदे म्हणावेत असे दोन उंचवटे. त्यांवर कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यानं चिकटवायच्या, प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. विहीर कुठं खणू, पोरगी या घरात देऊ का, म्हैस विकू का, असली सगळी माणसं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आबांकडे यायची. आबा स्वतः कधी सल्ला देत नसत. "उजवी दिली" नाहीतर "डावी दिली," एवढंच बोलून ते पायरीवर येऊन बसत. आमच्या घरी हा प्रकारच नव्हता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी देव्हारा रिकामा केला होता. त्या देवळात आमच्यातलं कोणी जात नसे. आधी येऊ देत नव्हते म्हणून, आणि पुढं आम्हालाच जायचं नव्हतं म्हणून. आमच्या घरी होते दादा, म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन. घाटातले रूळ तपासत जन्मभर चालले आणि बोलणंही तसंच, एका रेषेत. पोरानं शिकायचं, कायमची नोकरी धरायची आणि सोडायची नाही. सोपान म्हणायचा, "तुमच्यात बरं हाय मिल्या, देवाची कटकट न्हाई." मी म्हणायचो, "आमच्यात दादा आहेत. तुझा देव निदान कधीतरी उजवी देतो." दादांनी उजवी दिलेली मला तरी आठवत नाही.

शाळेला जायची यायची वाट लांब होती आणि वाटेत आमचं भांडण ठरलेलं. मी विज्ञानाच्या पुस्तकातून आलेला शहाणा. म्हणायचो, एका कळीखाली पाणी कमी लागलं की ती आधी सुटणार, जी जड ती आधी पडणार, यात देव कुठून आला? सोपान शांतपणे करवंदं खात ऐकून घ्यायचा आणि बिया थुंकून म्हणायचा, "आन् जड कळी आबांच्या हातात कोन देतं?" यावर मी चिडायचो, मग तो उरलेली करवंदं माझ्या हातावर ठेवायचा.

दहावी झाली आणि घाटात द्रुतगती मार्गाचं काम जोरात निघालं. आसपासची कितीतरी पोरं तिकडं गेली, कोणी रोजंदारीवर, कोणी गाडीवर. सोपान बोगद्यात गेला. आधी हेल्पर म्हणून, मग छिद्रं पाडायच्या मशीनवर. सुट्टीला यायचा तो भुवयांपर्यंत राखाडी होऊन. आणि बोलायचा काय तर बोगदा, दुसरं काही नाही. डोंगर आतून गरम असतो म्हणे. पाणी कुठून ठिबकेल ते सांगता येत नाही म्हणे. एकदा आमच्या पडवीत बसून म्हणाला, "सुरुंग उडला की धूर जाईस्तवर थांबायचं. मग दिवा मारला की म्होरं जो दगड दिसतो न्हवं, त्यो आपुनच पैल्यांदा बगतो. आदी कुनीच बगितल्याला नसतो, मिल्या. देवानं बी न्हाई." देवाबद्दल असं बोलताना मी त्याला त्याआधी आणि नंतर कधी ऐकलं नाही. काम संपत आलं तेव्हा फोरमननं त्याला विचारलं, हिमाचलात चल, तिकडं नवे बोगदे निघालेत, तुझ्यासारखा हात मला हवाय. सोपाननं होही म्हटलं होतं. लोखंडी ट्रंक विकत घेतली, स्वेटर घेतला. आबा म्हणाले, जा की, पण देवाला विचारून जा.

मी देवळाबाहेर, पायऱ्यांच्या खाली उभा होतो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं सोपान बाहेर आला, खाली वाकून चपला घातल्या आणि म्हणाला, "डावी दिली." बास. मी घरापर्यंत त्याचं डोकं खाल्लं. म्हटलं, तू एकुलता एक, शेत आहे, गुरं आहेत, देवाचा मान आहे, आबांना तू जायला नकोच होतास, पळून जा सरळ. तो चालता चालता थांबला. "आबा न्हाई म्हनले असते तर भांडलो असतो," तो म्हणाला. "पर आबा न्हाई म्हनलेच कुटं? देव म्हनला. आता मी भांडू कुनाशी?" ट्रंकेत पुढं बियाण्याचा भात ठेवायला लागले. त्याचं लग्न झालं, सुमन वहिनी आली, ओंकार झाला. सोपान भात लावत राहिला, म्हशी सांभाळत राहिला, आणि कुढत बसला म्हणावं तर तसंही नाही, हसता-बोलता माणूस होता. फक्त कधी आम्ही कोणाच्या टेम्पोत बसून त्या बोगद्यातून गेलो की तो काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बोगदा संपेपर्यंत आत घ्यायचा नाही. ड्रायव्हर ओरडायचे. तो ऐकायचा नाही.

मी मात्र दादांच्या रुळावरून व्यवस्थित चाललो होतो. आयटीआय केलं, तळेगावकडच्या नवलाख उंबरे गावाजवळ एका कारखान्यात लागलो, कायम व्हायच्या बेतात होतो. पण मला वेड अक्षरांचं. लहानपणापासून एसटीवरच्या पाट्या, दुकानांची नावं, खडूनं गिरवत बसायचो. कारखान्यातल्या भिंतीवरच्या सगळ्या सूचना मीच रंगवल्या होत्या आणि सुपरवायझर म्हणायचा, तू चुकून इकडं आलास. लोणावळ्यात एक म्हातारे पेंटर होते. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला निरोप धाडला, दुकान चालवायला घेतोस का म्हणून. मी दादांना सांगितलं. दादा ताटावरून उठले. म्हणाले, "मी ऊन-पावसात रूळ ठोकले ते पोरगा दुकानांच्या पाट्या रंगवायला? आजोबा देव सोडून माणसात आले, आणि तू माणसातून उठायला निघालास." मग बोलणंच बंद.  एक मन म्हणायचं सोड, दुसरं म्हणायचं कायम तर होऊ दे आधी. कामावर चित्त नाही, कारखान्याजवळच्या खोलीवर आलं की घास जात नाही. गावी गेलो तेव्हा बांधावर बसून सोपानला सगळं सांगितलं. तो गवताची काडी चावत राहिला. पुढच्या रविवारी सायकल मारत माझ्या खोलीवर हजर. घामानं निथळत होता. उंबऱ्यातूनच म्हणाला, "सोड कंपनी. देवानं उजवी दिलीय."

माझं टाळकंच सरकलं. "तुला कुणी सांगितलं होतं माझं गाऱ्हाणं तुझ्या देवापुढं मांडायला? मी मानतो का त्याला?" सोपान म्हणाला, "तू नको मानू. म्या इचारलं, त्यानं सांगितलं. आता तुजं तू बग." आणि पाणी पिऊन, सायकल वळवून गेलासुद्धा. इथं एक गोष्ट मला कबूल करायलाच हवी. सोमवारी मी राजीनामा दिला. देव न मानणाऱ्या घरातला मी, आयुष्यभर कळ्यांची टिंगल केलेला, पण कोणीतरी उजवी दिलीय म्हटल्यावर त्या रात्री मी पोटभर जेवलो. दादांना हे कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. माझा निर्णय माझा मी घेतला, असंच मी छातीठोकपणे सांगत आलो. तरुण पोरं दुकानात येतात, काका, मनासारखं कसं करायचं विचारतात, त्यांनाही तेच सांगत आलो.

दुकान चाललं. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांना तोटा नाही, हॉटेलांना नाही, मुंबईच्या लोकांच्या बंगल्यांना तर नाहीच नाही. सुरुवातीची वर्षं हाताला उसंत नव्हती. आणि तेव्हापासून सोपानची रविवारची चौकशी सुरू झाली. मोबाईल नव्हते तेव्हा तो दुधाच्या गाडीवाल्याकडे निरोप द्यायचा, तो भर बाजारात गाडी थांबवून ओरडायचा, "ओ पेंटर, सोपाननं इचारलंय, बरं हाय का?" सगळा बाजार माझ्याकडे बघायचा. मग फोन आले आणि त्याला रानच मोकळं मिळालं. भैरोबाचा वार रविवार, सकाळी देवाची पूजा उरकली की तो देवळासमोरच्या टेपाडावर चढायचा, कारण रेंज तिथंच, आणि मला फोन लावायचा. रविवार म्हणजे लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं. "बरं हाय ना?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "चाललंय." आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, त्यात बरंही आलं आणि वाईटही आलं, आणि समोरच्याला पुढं विचारायचं कारण उरत नाही. पण सोपानला ते चालायचं नाही. "चाललंय न्हवं. बरं हाय म्हन." मी म्हणायचो, अरे तेच ते. तो म्हणायचा, "त्येच न्हाई. बरं हाय म्हन." मी चरफडत "बरं हाय" म्हटलं की हा समाधानानं फोन ठेवायचा. स्वतःचं एक अक्षर सांगायचा नाही. इतकी वर्षं हे चाललं आणि इतकी वर्षं मी वैतागत राहिलो.

पुढं फ्लेक्स आले. आमच्या धंद्याचं जे व्हायचं ते झालं. महिनोन् महिने ब्रश ओला व्हायचा नाही. शेवटी मीही कॉम्प्युटर घेतला, फ्लेक्सची कामं करू लागलो, आणि कोणी हौशी बंगलेवाला हातानं पाटी रंगवून मागतो तेव्हा जुना डबा उघडतो. हे दिवस वाईट होते, पण माझ्यापेक्षा सोपान जास्त खचला. रविवार सोडून मधेच फोन करायचा, धंदा बसल्याचं पुन्हा पुन्हा विचारायचा, जणू त्यानंच फ्लेक्सचं मशीन आणून बसवलं होतं. आणि एकदा शिडीवरून पडून माझं मनगट मोडलं, उजवं. तो गावाहून मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात आला. चेहरा पांढराफटक. माझं प्लॅस्टर पाहिलं, पाय चाचपले, डोकं चाचपलं. "आनकी कुटं न्हाई ना लागलं? येवढंच ना?" मी म्हटलं, एवढंच म्हणजे काय, पेंटरचं मनगट आहे ते. तर हा खुर्चीत बसला, टोपी काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "येवढ्यावर भागलं." चक्क हसला. मी त्याच्याशी पुढं कितीतरी दिवस धड बोललो नाही.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी सुमन वहिनीचा निरोप आला, एकदा येऊन जा. गेलो. राब भाजलेला वाफा तसाच काळा पडला होता. ओंकारचा प्रश्न होता. ओंकार, सोपानचा मुलगा, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम करतो. तिथला आचारी मस्कतच्या हॉटेलात चालला होता आणि ओंकारला बरोबर नेत होता. व्हिसा सोपान होता तेव्हाच आलेला. सोपान म्हणाला होता, "थांब, मी सांगतो काय ते," आणि सांगायच्या आत गेला. आता घरात आबा, वहिनी, शेत, दोन म्हशी. ओंकार खाली मान घालून बसला होता, जायचंय असंही म्हणेना आणि राहतो असंही म्हणेना. वहिनी म्हणाली, "आबा आज कौल लावनार हायेत. पर त्येंनी आदी तुमाला बोलवलंय. भावजी, काय बोलाल ते समजून बोला." मला काही उमजेना. ओंकारच्या कौलाशी माझा काय संबंध?

आबा देवळाच्या पायरीवर बसले होते. तळहातावर कण्हेरीच्या दोन कळ्या, ओल्या. मी नेहमीच्या जागी, पायऱ्यांच्या खाली उभा राहिलो. ते म्हणाले, "मिलिंदा, तू कंपनी सोडलीस तवा सोपाननं तुला काय सांगितलं हुतं?" मी म्हटलं, "देवानं उजवी दिली म्हणाला." आबांनी मान डोलावली. "कौल म्याच लावला हुता. सोपान म्हनला, आबा, मिल्याचं इचारायचंय. डावी पडली." मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "डावी?" "डावी. तू कंपनी सोडलीस तवाच म्या वळखलं, ह्यानं उलटं सांगितलं. लय बोललो त्येला. तर मला म्हनतो कसा, देवाचं माज्यावर चालतं, म्या मानतो. मिल्या देव मानत न्हाई, त्येच्यावर कशापायी चालवायचं? आन् काय वंगाळ व्हायचंच आसंल तर माज्यावर घे म्हनून सांगितलंय म्या देवाला."

मी तिथंच खालच्या पायरीवर टेकलो. दर रविवारी, देवाची पूजा आटोपून, टेपाडावर चढून... त्या डाव्या कळीचं काही माझ्या वाट्याला आलं का, ते तो बघत होता. बरं हाय म्हन. येवढ्यावर भागलं. स्वतःची डावी त्यानं मुकाट्यानं घेतली होती, बोगदा सोडला होता, ट्रंकेत भात भरला होता. आणि माझ्या वेळी मात्र गावातल्या सगळ्यांत देवभोळ्या माणसानं देवाचं म्हणणं दाबून ठेवलं. मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण सांगितलं असतं तर मी कंपनीही सोडली नसती, हे मला त्या पायरीवर बसल्याबसल्या कळलं. माझं म्हणून जे आयुष्य मी मिरवतोय ते एका मित्राच्या थापेवर उभं आहे. आणि तो गेला तो सोड्यानं दाबलेल्या दुखण्यानं गेला, मी हे शंभर वेळा म्हणेन, कोणी विचारलं तर भांडेन. तरीही जीव थाऱ्यावर राहत नाही.

आबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "म्हनून इचारतो. तुजं बरं हाय ना?"

आता त्यांचा प्रश्न मला कळला. माझं बरं असेल तर देव चुकला. देव माझ्या बाबतीत चुकला असेल तर सोपानच्या बाबतीतही चुकला असेल, आणि आबांनी ज्या कळीच्या भरवशावर एकुलत्या एका पोराला घरी बसवलं ती नुसती एक ओली कळी होती. आणि बरं नाही म्हणावं, तर सोपाननं माझं वाटोळं केलं असा त्याचा अर्थ, आणि ओंकारनं म्हशी राखायच्या. हा ऐंशीचा म्हातारा आपल्याच विरुद्ध साक्ष मागत होता, आणि साक्षीदार मी. माझं खरं काय आहे? फ्लेक्सचं दुकान आहे, दुखरं मनगट आहे, दादा शेवटपर्यंत माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. पण सकाळी ब्रश हातात घेतला आणि पहिलं अक्षर कोऱ्या पत्र्यावर उतरलं की मला अजून दुसरं काही नको असतं. माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "चाललंय, आबा."

"चाललंय न्हवं," आबा म्हणाले. सोपानचाच सूर, सोपानचंच हेल काढणं. इतकी वर्षं टेपाडावरचं ते बोलणं त्यांनी या पायरीवरून ऐकलं होतं. "बरं आसंल तर बरं हाय म्हन. माजा इचार करू नगं."

"बरं हाय, आबा."

ते देवळाच्या आत पाहत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हंजे पोराचा बोगदा उगाच ऱ्हायला." मला रडू कोसळलं. सरणाजवळ आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. आबा रडले नाहीत. उठले, एक पायरी खाली आले, आणि त्या दोन्ही कळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "टाक कुटंतरी," म्हणाले. आणि घराकडे चालत गेले, काठी टेकत. अंगणात ओंकार उभा होता. त्याच्याजवळून जाताना थांबले नाहीत, नुसतं म्हणाले, "तुजं तू बग." वहिनीनं पदर तोंडाला लावला. तिला पोरगा जायला हवा होता की राहायला, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ओंकार गेला. शेत आबांनी अर्धेलीनं कसायला दिलंय, कौल लावायला माणसं येतात त्यांना ते परत पाठवतात, असं ऐकतो. कळ्या मी कुठं टाकल्या नाहीत. खिशातून दुकानात आल्या आणि ब्रशच्या जुन्या डब्यात पडून आहेत. वाळून काळ्या पडल्यात. हातात घेतल्या तर त्यातली उजवीकडं लावायची कुठली होती आणि डावीकडची कुठली, काही सांगता येत नाही.

पण माझी झोप उडालीय ती वेगळ्याच कारणानं. पोरगा परक्या मुलखात आहे, तिथं कढया आहेत, भट्ट्या आहेत, रस्ते आहेत, आणि तो गेलाय माझ्या एका शब्दावर. मी देव मानत नाही. नवस, शकुन, कळ्या, काही मानत नाही. रविवारी लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, मी त्याला थांबायला सांगतो आणि मागच्या बाजूला जाऊन फोन लावतो. तिकडं भांड्यांचा आवाज येत असतो, पोरगा घाईत असतो.

"बरं आहे ना, ओंकार?"

"चाललंय, काका. कामात आहे."

"चाललंय न्हवं," मी म्हणतो. "बरं हाय म्हन."

तो वैतागतो, ते मला इथं ऐकू येतं. मी फोन ठेवत नाही.